वाजणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

कुंदाला चौथ्या वर्षी मोठा ताप आला आणि जाताना तो तिचं ऐकणं घेऊन गेला, एवढं सांगितलं की समोरचा माणूस च्‌ च्‌ करायला लागतो आणि माझं डोकं फिरतं. कुंदा माझी धाकटी बहीण. आज साठी उलटून गेलेली, माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि चारपट हट्टी. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात ती रिटायर होईपर्यंत पंख्याच्या मोटरी तपासायला होती. मोटर चालू करायची, तिच्यावर तळहात ठेवायचा आणि सांगायचं, ही पास, ही परत. चांगल्या कानांच्या पोरांनी पास केलेल्या किती मोटरी तिने परत पाठवल्या असतील, त्याला गणती नाही. तेव्हा च्‌ च्‌ करायचंच असेल तर माझ्यासाठी करा. माझे दोन्ही गुडघे गेलेत आणि विरारच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट एक दिवस चालते, दोन दिवस बसते.

हे प्रकरण कुंदाचं आणि एका शब्दाचं आहे. शब्द अगदी साधा, वाजणे. लिहायला बसण्याआधी मी तिला व्हॉट्सॲपवर विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का ग? तिचं उत्तर लगेच आलं. ‘लिही. पण तू मला फसवलं होतंस तेही लिही.’ खाली हसणारा चेहरा टाकला होता, पण मी तिला ओळखून आहे. पन्नास वर्षं झाली तरी बाई विसरलेली नाही. तर तेही लिहिणार आहे, मन घट्ट करून.

आमची वाडी कळंबच्या वाटेवर होती. घराच्या पुढे पानवेलींचे वाफे, दोन्ही अंगांना केळी, कुंपणाला चाफा, आणि मागे बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. त्या पाण्यावर सगळी वाडी जगायची. घरात आम्ही चौघं, बाबा, आई, मी आणि कुंदा. घरात आमची बोली चालायची, तिचं विरारच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाला एक अक्षर कळायचं नाही. इथे मी सगळ्यांना शाळेच्या मराठीत बोलायला लावलं आहे, कारण ती बोली लिहायची कशी हे मला आजतागायत जमलेलं नाही. लिहून बघितली की आई माझ्याच कानात म्हणते, असं कुठे बोलतो ग आपण? पहाटे बाबा बावखलावरचं इंजिन सुरू करायचे. पहिल्यांदा ते खोकायचं, मग दोनचार वेळा थबकून एकदम फटफटायला लागायचं, आणि त्या आवाजाने केळीतले पक्षी उडायचे. त्यात आईचा पाटा, नारळ सोलताना पहारीवर होणारा चर्र आवाज, पलीकडच्या आळीतल्या चर्चची घंटा. आमच्या घरात शांतता अशी कधी नसायचीच. आणि या सगळ्याच्या मधोमध कुंदा, चटईवर मांडलेल्या राजेळी केळ्यांची राखण करत बसलेली. सोललेली केळी उन्हात दिवसचे दिवस वाळवून आई सुकेळी करायची. तपकिरी, चिवट आणि अशी गोड की दाताला चिकटून बसत. राखण करणारीच त्यातली निम्मी खाते, हे आईला ठाऊक होतं. पण कावळ्यांपेक्षा कुंदा परवडली, असं ती म्हणायची.

कुंदाला इंजिन ऐकू यायचं नाही, पण ते बंद पडलं की पहिली तीच धावायची. आम्ही आपले घरात बोलण्यात गुंग, आणि ही अंगणातून ‘बाबा! बंद!’ म्हणून ओरडत बावखलाकडे. मला फार दिवस वाटत होतं की हिला थोडंफार ऐकू येतं आणि ही सोंग करते. एकदा मी तिच्या मागून पितळेची परात आपटली. ढिम्म हलली नाही. मग मी तिच्या पायांकडे बघायला लागले. ती नेहमी अनवाणी असायची आणि इंजिन चालू असताना तिचे तळवे जमिनीला नीट टेकलेले असायचे. तिच्या इंजिनाची वाट पायातून होती. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

गावातल्या मराठी शाळेत गुरुजींनी तिला कोपऱ्यात बसू दिलं होतं. बसू दिलं एवढंच. शिकवायची मी. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, हातात सुकेळं घ्यायचं आणि पाटी घेऊन ओटीवर बसायचं. घरातल्या एकूण एक वस्तूवर मी खडूने नावं लिहिली होती. रांजणावर रांजण, दारावर दार, आईने पाठ वळवली तेव्हा तिच्या पदरावरसुद्धा आई लिहिलं आणि धपाटा खाल्ला. वस्तूंची नावं कुंदाने वर्षभरात संपवली. मग आली क्रियापदं, आणि तिथे माझी परीक्षा सुरू झाली. चालणे, पळणे, खाणे करून दाखवता येतं. रागावणे तर मी फारच छान करून दाखवायचे. पण एक दिवस ती पुस्तक घेऊन आली, ‘घंटा वाजते’ या ओळीवर बोट ठेवलं आणि तिच्या त्या जाड, सपाट आवाजात विचारलं, “वाजते म्हंजे?”

आता काय सांगणार? मी कानाला हात लावला. तिनेही स्वतःच्या कानाला हात लावून बघितला आणि खांदे उडवले. शेवटी मी तिला घेऊन वाजणाऱ्या गोष्टींच्या यात्रेला निघाले. इंजिनाच्या पत्र्यावर तिचा हात ठेवला. हे वाजतं. चर्चच्या सॅक्रिस्तनकाकांना, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना, गयावया करून तिला लहान घंटेला हात लावू द्यायला लावलं. हे वाजतं. आळीत लग्न होतं, तिथे बँडवाल्याच्या मोठ्या ढोलाला ती पोट लावून उभी राहिली, आणि तो पठ्ठ्याही असा की त्याने तिच्यासाठी म्हणून दणादण वाजवला. ती घरी आली ती पोट धरून हसत. वाजणे तिला कळलं होतं, निदान मला तसं वाटलं. मी पाटीवर वाजणेपुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

पौषातली गोष्ट. आमच्याकडे थंडी ती काय असणार, समुद्र जवळ. पण वाडीत, बावखलाच्या ओलाव्याला, सकाळी दात कडकडायचे. अंगणात नारळाच्या सालांची शेकोटी पेटलेली, त्यावर आईने हंडी चढवलेली. त्या दिवसांत आमच्याकडे उकडहंडी व्हायची, कंद, शेंगा, वांगी, बटाटे सगळं मसाला लावून एकत्र वाफेवर शिजवलेलं, आणि तिचा वास येईपर्यंत अंथरूण सोडवत नसे. त्या सकाळी माझं तोंड मात्र सुजलेलं होतं. कारण आठवत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला तोंड सुजवायला कारण लागतं असंही नाही. कुंदा शेकोटीजवळ कुडकुडत होती. आई तिच्यासमोर वाकून म्हणाली, “थंडी वाजतेय का ग बाय?”

कुंदाने आईच्या ओठांवरचा पहिला शब्द पकडला. दुसरा पकडला, पण विश्वास बसेना. ती माझ्याकडे वळली. मी चिडूनच पाटीवर लिहिलं, थंडी वाजते. ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मग इंजिनाकडे बघितलं, ते बंद होतं. “थंडी? वाजते?” मी मान डोलावली. “तुला ऐकू येते?”

आणि मी म्हटलं, हो.

का म्हटलं? तिच्या प्रश्नांचा कंटाळा आला होता, हे एक. मला सगळं ऐकू येतं याची ऐट होती, हे दुसरं. “हो, येते. सगळ्यांना येते,” मी अगदी सावकाश ओठ हलवून सांगितलं. “बारीक वाजते. चर्चमधल्या लहान घंटेसारखी.” कुंदाने आईकडे बघितलं. आई हंडीशी होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मग ती शेकोटीपासून थोडी लांब जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणात नव्हती. सापडली ती बावखलाच्या काठावर, अंगावरची चादर काढून बाजूला नीट घडी करून ठेवलेली, दोन्ही तळवे ओल्या मातीवर दाबलेले, डोळे मिटलेले. आईने उचलून आणली, रागावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, या वेळी केळीच्या खोडाला गाल लावून. चादर का काढते मेली, म्हणून आई कपाळाला हात लावत होती. मला मात्र कळलं होतं. चादरीमुळे थंडीचा आवाज अडतो, असं तिला वाटत होतं. कळलं आणि तरी मी गप्प राहिले. हे मी आजवर फक्त कुंदाला सांगितलं होतं, आता तुम्हाला सांगते.

चौथ्या दिवशी तिला ताप आला. ज्या घरात एका तापाने एवढं नेलं, त्या घरात ताप हा शब्दसुद्धा कोणी मोठ्याने उच्चारत नसे. आईने तिच्या कपाळाला हात लावला आणि ती तिथेच खाली बसली. बाबा तसेच, चिखलाच्या पायांनी, सायकल काढून डॉक्टरांना आणायला गेले. मी ओटीच्या खांबाला टेकून उभी होते. आता हिचे डोळे गेले तर? डॉक्टर आले, सर्दीपडशाचा ताप आहे म्हणाले, औषध दिलं, चहा घेतला आणि गेले. दोन दिवसांत ताप उतरला. आईचा जीव भांड्यात पडला, माझा पडेना.

तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन मी तिच्या अंथरुणाशी बसले आणि लिहिलं, ‘थंडी कोणालाच ऐकू येत नाही. मी खोटं बोलले.’

तिने वाचलं. दोनदा वाचलं. “आईला?” नाही. “बाबांना?” नाही. “गुरुजींना?” नाही ग बाई, देवालासुद्धा नाही! मग तिने पाटी उचलली आणि माझ्या कपाळात मारली. आडवी नाही, कडेने. भुवईच्या वर खूण अजून आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा विचारलं तेव्हा मी पडले होते म्हणून सांगितलं. रक्त बघून ती रडली, तिचं रडणं बघून मी रडले, आणि आईने दोघींना फटके दिले ते वेगळेच.

रडून झाल्यावर तिने जो प्रश्न विचारला त्याला तोड नव्हती. ऐकू येत नाही, तर मग वाजते असं का म्हणता? मी बाबांकडे बघितलं. बाबा कमी बोलायचे. पानांची जुडी बांधताबांधता ते म्हणाले, “हुडहुडी भरते ना, अंग हलतं. म्हणून म्हणत असतील.” मी ते तिला लिहून दाखवलं. तिचा हात माझ्या हनुवटीखाली ठेवला आणि दात कडकड वाजवून दाखवले. मग तिने स्वतःचे वाजवले. एकदम तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तिने माझ्या हातातला खडू ओढून घेतला आणि पाटीवर लिहिलं, वाजणे, आणि त्यापुढे, अंगात हलणे. इंजिन अंगात हलतं. घंटा हातात हलते. ढोल पोटात हलतो. थंडी सगळीकडे हलते. तिच्या हिशोबात कुठे काही उरत नव्हतं.

पुढचे आठ दिवस ती पाटी घेऊन वाडीभर फिरली. भेटेल त्याला विचारायची, तुम्हाला थंडी ऐकू येते का? पानं न्यायला येणारा व्यापारी, सॅक्रिस्तनकाका, पावाची पेटी सायकलला लावून येणारा माणूस, सगळे नाही म्हणाले. प्रत्येक नाहीला ती खूश. जन्मात पहिल्यांदा अशी एक वाजणारी गोष्ट सापडली होती जिच्यापुढे सगळं गाव तिच्याइतकंच बहिरं होतं. हे आज मला नीट सांगता येतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ती सगळ्यांशी बोलायला लागली आहे.

चौथी संपली आणि प्रश्न उभा राहिला. गावातली शाळा चौथीपर्यंतच. हायस्कूलच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाबांना आधीच सांगून टाकलं होतं. “अहो, वर्गात साठ मुलं. मी फळ्याकडे तोंड करून शिकवणार. तिला काय कळणार? तिचंच नुकसान आहे.” वाईट बाई नव्हत्या, खरं तेच सांगत होत्या. मुंबईला बहिऱ्या मुलांची शाळा होती, तिथे ठेवायचं तर वसतिगृहात. आई म्हणाली, “तिची भाषा आपल्या तिघांनाच कळते. तिथे रात्री तिच्या पोटात दुखलं तर ती सांगेल कोणाला?” त्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. मग उरलं काय? घर, बाजारासाठी गजरे ओवणं, सुकेळ्यांची राखण. आईला त्यात काही गैर वाटत नव्हतं. “सही करता येते, वाचता येतं, पुरे झालं की,” ती म्हणायची. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जी मुलगी थंडीचा अर्थ शोधायला ताप ओढवून घेते, तिला केळ्यांवरचे कावळे हाकायला बसवायचं? मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा गुरुजींकडे गेले आणि गुरुजी मोठ्या बाईंकडे. बाई एवढंच कबूल झाल्या, मे महिन्यात घेऊन या, मी स्वतः लेखी परीक्षा घेईन. पास झाली तर बघू. नापास झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही.

त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आईने कुंदाच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की तिच्या भुवया वर गेल्या होत्या. मी दुभाषी म्हणून बरोबर. बाईंच्या खोलीत एक मोठं टेबल, भिंतीला नकाशे, आणि खिडकीला काचेची तावदानं. गणितं तिने सटासट सोडवली. मग बाईंनी मराठीचा कागद काढला. पहिलाच प्रश्न, श्रुतलेखन. बाईंच्या लक्षात आलं, त्या क्षणभर ओशाळल्या आणि त्यांनी तो प्रश्न खोडला. त्याच्या जागी पेनाने पाच शब्द लिहिले आणि वर, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. वारा, पाहुणा, आठवण, नवल. पाचवा काय लिहावा म्हणून त्या थांबल्या, तेवढ्यात व्हरांड्यात शिपायाने कशासाठी तरी घंटा ठोकली. त्यांनी लिहिलं, वाजणे.

मी बघितलं आणि माझं टाळकं सटकलं. बहिऱ्या मुलीला वाजणे? पण बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता, म्हणून गप्प बसले. कुंदाने खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. तिचं अक्षर मोत्यासारखं, माझ्या नाकावर टिच्चून. लिहून झाल्यावर कागद दिला. बाई लाल पेनाने तपासत गेल्या. वारा बरोबर. पाहुणा बरोबर. आठवणपुढे तिने लिहिलं होतं, समोर नसलेलं दिसणे. बाईंनी वर बघितलं, मग बरोबर केलं. नवल बरोबर. वाजणे. अर्थ, अंगात हलणे. बाईंनी त्याच्यावर फुली मारली.

झालं! “बाई, चूक कसं? तुम्ही थंडी वाजते म्हणत नाही का? तिला दुसरा अर्थ कसा कळणार? मुद्दाम घातलात ना हा शब्द?” मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, आजही लाज वाटते. बाबा “नले, गप!” म्हणाले. बाईंनी आवाजही चढवला नाही. “तू बाहेर बस,” त्या म्हणाल्या, “आणि जाताना दार ओढून घे.”

म्हणजे दुभाषीच बाहेर. मी व्हरांड्यात, खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. आतलं अक्षर ऐकू येईना. बाईंचे ओठ हलताना दिसायचे, पण काय बोलतात ते कळेना. चूक म्हणाल्या की चल म्हणाल्या? चार वर्षं मी कुंदाला ओठ वाचायला शिकवत होते आणि मला स्वतःला दोन शब्द वाचता येत नव्हते. हिला सगळं जग असंच दिसतं, काचेपलीकडचं, हे मला त्या दोन मिनिटांत जेवढं समजलं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत समजलं नव्हतं.

बाई कागदाकडे बघत बोलत होत्या, त्यामुळे कुंदालाही काही कळत नव्हतं. ती उठली. टेबलाला वळसा घालून सरळ बाईंच्या खुर्चीपाशी गेली, आणि तिने बाईंची हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं. घरात ती आमच्याशी हेच करायची. नीट दिसेल असं बोला, एवढाच त्याचा अर्थ. पण मोठ्या बाईंची हनुवटी! ज्यांच्या पावलांनी सगळी शाळा चिडीचूप व्हायची त्या बाईंची! बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. घातलं हिने सगळं आपल्या हाताने मातीत.

उघडले तेव्हा बाई सावकाश, तोंड मोठं करून काहीतरी सांगत होत्या आणि कुंदा त्यांच्या ओठांकडे टक लावून होती. मग कुंदाने पेन मागून घेतलं आणि कागदावर लिहिलं. मग बाईंनी लिहिलं. मग कुंदाने. बाबांनी तो कागद नंतर मला दाखवला, म्हणून आता शब्दन्‌शब्द सांगता येतो. कुंदाने लिहिलं होतं, बरोबर अर्थ काय? बाईंनी लिहिलं, आवाज होणे. कुंदाने लिहिलं, थंडीचा आवाज होतो? त्याच्या खाली काही नव्हतं. बाईंनी उत्तर लिहिलंच नव्हतं. त्या वर सरकल्या होत्या, तिच्या वाक्याकडे, जे त्यांनी अजून तपासलंच नव्हतं. ‘थंडी वाजते पण ती कोणालाच ऐकू येत नाही.’

बाई ते वाक्य वाचत असताना मी काचेतून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग त्या हसल्या. शाळेत चार वर्षं काढून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. त्यांनी वाक्यापुढे बरोबरची मोठी खूण केली. फुली मात्र खोडली नाही. फुलीच्या शेजारी लिहिलं, अर्थ अपुरा, आणि अर्धा गुण दिला. पुढे माझ्या कितीतरी बाईंनी मला दयेपोटी गुण दिले, पण मला आदर वाटतो तो त्या अर्ध्या गुणाचा.

दार उघडून त्यांनी मला आत बोलावलं. “पाचवी ब,” त्या बाबांना म्हणाल्या, “खिडकीजवळचं पहिलं बाक. मी शिक्षकांना सांगेन, मुलांकडे तोंड करून बोला म्हणून. सगळ्यांचंच भलं होईल.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू. रोज संध्याकाळी तिच्या वह्या बघायच्या. भांडायला जेवढा दम आहे तेवढा त्यात घाल.” मी मान डोलावली. बाबा नमस्कार करत होते, त्यांना हात खाली घ्यायचं भान नव्हतं. कुंदा आम्हा तिघांच्या तोंडाकडे पाळीपाळीने बघत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि अगदी स्पष्ट म्हटलं, घेतलं. तिने बाईंकडे बघून खात्री करून घेतली. माझ्या शब्दावर कुंदा कशी विश्वास ठेवील?

परतताना ऊन असं होतं की डांबराचा रस्ता चपलांना चिकटत होता. बाबा पुढे, भराभर, आईला सांगायच्या घाईत. कुंदा माझा हात धरून उलटी चालत होती, म्हणजे मागे मागे, माझं तोंड दिसावं म्हणून. तिने वर आकाशाकडे बोट दाखवलं. “ऊन? वाजतं?” नाही, ऊन लागतं. “तहान?” लागते. “वास?” येतो. “भीती?” वाटते. “झोप?” येते. लागतेही. “मग थंडी एकटीच का वाजते?” अंग हलतं म्हणून, बाबांनी सांगितलं होतं ना? तिने जोरात मान हलवली. “भीतीने पण हलतं. आज माझं हललं. मग भीती का वाजत नाही?”

मी रस्त्यातच थांबले. खरंच की! मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. मी दोन्ही हात पसरले.

“असू दे,” कुंदा म्हणाली. “जूनमध्ये बाईंना विचारते.” तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती हे एवढ्या मोठ्याने म्हणाली की सायकलवरचे लोक वळून बघायला लागले. एरवी रस्त्यात तिचा आवाज चढला की मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे. त्या दिवशी मी तिला म्हटलं, पुन्हा सांग, कोणाला विचारणार? आणि तिने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.